डाव्या बाजूची चक्री

(उचगाव. सकाळची धार होऊन गेली आहे. गोठ्यासमोरच्या फरशीवर सायकल उलटी उभी आहे. तिचं मागचं चाक काढून पालथ्या घमेल्यावर आडवं ठेवलंय; त्याच्या तारांवर मोटारीच्या चेनची दातेरी चक्री बसवणं चाललंय.)

तानाबाई : धर की घट. मी हिकडनं नट आवळालोय आणि तुझ्याकडचा बोल्ट नुस्ता फिरालाय.

स्नेहल : धरलाय आई. तारांमधून बोटं जात नाहीत. थांबा, पाना आडवा घालते.

तानाबाई : सावकाश. चक्रीखालचं रबर सरकंल. मघाशी लई झटून आत बसवलंय त्येला.

स्नेहल : हं, आता नाही फिरणार. आवळा.

तानाबाई : झाला. पुढला घे.

स्नेहल : शेजारचा नको, समोरचा. त्या व्हिडिओतला माणूस म्हणत होता ना, एक इकडचा झाला की एक पलीकडचा. ओळीनं आवळत गेलो तर चक्री एका अंगाला कलेल.

तानाबाई : व्हय की. इसरलो. सासू-सुना म्हशीच्या दारात सायकल उघडून बसल्यात, कुणी बघितलं तर म्हणंल ह्यास्नी काय झालंय.

स्नेहल : बघू देत. सायकलवाल्यानं केलं असतं तर आपण कशाला बसलो असतो?

तानाबाई : त्यो म्हणला, मावशी, मोटार-बॅटरीच्या भानगडीत मी न्हाय पडत. मोटार बसवून दिली त्येनं शिटाखाली, तीबी तू एवढी गोड बोललीस म्हणून. चक्रीचं नाव काढलं की म्हणतोय आठवडाभरानं बघू. आठवडाभरानं काय बघतोस? म्हशी आज चालल्यात माझ्या.

स्नेहल : अजून गेल्या नाहीत.

तानाबाई : विश्वा गेलाय न्हवं म्हशी घेणाऱ्या त्या ज्ञानूला आणाय? टेंपो घिऊनच येतोय वडगावातनं. दुपारच्या आत दावणी मोकळ्या, आणि सांजच्याला मी तुमच्याबरबर पुण्याच्या गाडीत. मोकळ्या दावणी बघाय तरी कोण ऱ्हाणार हाय म्हणा हितं.

स्नेहल : पुढचा बोल्ट. धरतो मी.

तानाबाई : काय म्हणालीस?

स्नेहल : धरते म्हटलं.

तानाबाई : धरतो म्हणालीस. लगीन होऊन आल्यावर हसायचीस आमच्या बोलण्याला. बायका काय जातो-येतो म्हणतात म्हणायचीस.

स्नेहल : तुमच्याजवळ दोन दिवस राहिलं की लागतं तोंडाला.

तानाबाई : एक इचारू? रागाला येऊ नगो.

स्नेहल : विचारा.

तानाबाई : ही मोटार तूच मागवलीस. विश्वाला पत्ता न्हाय. माझं घरातलं सामान बांधाय म्हणून म्होरं आलीस, आणि एक भांडं खोक्यात घातलं न्हाईस. मी तिकडं यिऊ नये म्हणून चाललंय व्हय हे?

स्नेहल : थोडं तेही आहे.

तानाबाई : असूदे. खरं बोललीस.

स्नेहल : खोटं कशाला बोलू? घर केवढंसं आहे ते तुम्ही बघितलंय. तुम्ही आलात की तुमचा नातू राजस आतल्या खोलीत आमच्यामध्ये झोपणार आणि तुम्ही बाहेर सोफ्यावर, गुडघे दुमडून. पण नुसतं तेवढंच असतं ना, तर मी हाताला हे ग्रीस लावून घेतलं नसतं. गप्प बसले असते. महिना-दोन महिन्यांत तुम्ही कंटाळून परत आला असता. फक्त तेव्हा म्हशी नसत्या.

तानाबाई : मी कंटाळंन ते तुला काय म्हाईत?

स्नेहल : मागच्या खेपेला आला होतात, तेव्हा पहाटे उठून गॅलरीत उभ्या राहायचात. मला वाटायचं झोप येत नसेल. नंतर कळलं, पिशव्या टाकायला येणाऱ्या दूधवाल्याची वाट बघायचात. त्याला विचारायचात, कुठलं दूध हाय, म्हशीचं का गाईचं. त्या बिचाऱ्याला काही माहीत नसायचं.

तानाबाई : त्येला कुठनं म्हाईत असणार? म्हस बघितली न्हवती त्येनं जवळनं.

स्नेहल : म्हणून मागवली मोटार. धरा, हा शेवटचा.

तानाबाई : झाला. उभं कर चाक. दांडा धर दोन्ही बाजूनं. फिरवतो.

स्नेहल : लागतंय. चक्री डुलतेय, बघा. इथं आत जाते, इथं बाहेर येते.

तानाबाई : औट हाय. बाहेर आली तिथला बोल्ट जरा दाब. एकदम न्हवं. हां. फिरव परत.

स्नेहल : आता कमी झालं.

तानाबाई : आणि तिकडचा एक. बास. भाकरीगत फिरालीया आता. घाल चाक सायकलीत.

स्नेहल : तुम्ही चिमटा फाकवा, मी चाक सरकवते. उजवीकडे पायडलची चेन आधी. ती बसली. आता डावीकडं... आई, हे जात नाही.

तानाबाई : लाव की जोर.

स्नेहल : जोरानं नाही जाणार. दात चिमट्याला टेकतायत. बघा ना, चक्री घासतेय तिथं.

तानाबाई : म्हंजे?

स्नेहल : म्हणजे उलटी बसवली आपण. ही सपाट नाही, ताटलीसारखी आहे. खोलगट बाजू तारांकडे पाहिजे होती, आपण बाहेर केली. दात आत जायला पाहिजे होते.

तानाबाई : मग समदं परत खोलायचं?

स्नेहल : सगळं. नऊच्या नऊ.

तानाबाई : जाऊदे मग. ऱ्हाऊदे. आता कवा खोलायचं आणि कवा बसवायचं? विश्वा यिऊन पोचंल. मी आपली पातेली भरतो खोक्यात.

स्नेहल : आई, पाना द्या इकडे.

तानाबाई : न्हाय व्हायचं पोरी ते. देवाच्या मनात न्हाय.

स्नेहल : देवानं नाही उलटी बसवली, मी बसवली. खोलायला वेळ लागत नाही, आणि आता आपल्याला येतंय. बसा. तुम्ही त्या बाजूला बसल्याशिवाय माझ्या एकटीनं बोल्ट सुटणार नाही.

तानाबाई : सरक थोडी. ह्यो गुडघा लांब करून बसाय लागतंय मला.

स्नेहल : दुखतोय?

तानाबाई : जमिनीवर बसलं की बोलतोय. सायकलीवरबी असा न्हाय दुखायचा आधी. त्या दिवशी शाहूपुरीला दूध घालाय निघालो तवा चढावर मधीच धरला. पाय खाली येईनाच. मी कुणाला सांगितलं न्हाय, पर मला कळलंच हुतं पडणार म्हणून. किटल्या एकीकडं, मी एकीकडं, आणि मागनं ट्रक.

स्नेहल : त्यानं ब्रेक दाबला म्हणून.

तानाबाई : ट्रकवाला खाली उतरला तर त्योच थरथरत हुता. मीच त्येला पाणी पाजलं. फोन बजालाय तुझा.

स्नेहल : यांचाच आहे. हात बरबटलेत, स्पीकरवर टाकते. बोला.

विश्वजित : निघालोय ग आम्ही. मी गाडीवर पुढं येतोय, ज्ञानू टेंपो घेऊन मागनं. वाटेत पेंड उतरवून येणार आहे तो. आईचं आवरलं?

स्नेहल : आवरतोय आम्ही.

विश्वजित : कसली खडखड चाललीय?

स्नेहल : सामान आहे.

विश्वजित : आई काय म्हणतेय? रडत नाही ना?

स्नेहल : नाही. कामात आहेत.

विश्वजित : बघ जरा तिच्याकडं. येतोच.

तानाबाई : ठेवला?

स्नेहल : ठेवला. चला, हात चालवा.

तानाबाई : मी रडतो का इचारालता. त्यो निघताना गोठ्यात जाऊन आला तवा त्येचेच डोळे लाल हुते. मला म्हणला, कडबा उडाला डोळ्यात. कडबा कुठाय गोठ्यात? ओला चारा हाय.

स्नेहल : मग तुम्ही का नाही बोललात त्यांना, मला नाही यायचं म्हणून?

तानाबाई : कसं बोलू? मी पडलो तवा गेलेल्या त्या फोनानं त्यो घाबरलाय. एवढा मोठा बाप्या, रातीचा प्रवास करून आला आणि माझ्या पायाशी बसला. आये, चल म्हणला. मी न्हाय म्हणलं आणि उद्या खरंच काय झालं तर त्यो जल्मभर म्हणंल, मी न्हाय नेली. म्हणून गप बसलो.

स्नेहल : दात आतल्या बाजूला. बघा बरं, आता बरोबर आहे?

तानाबाई : बरोबर. रबर सारखं कर. आवळ.

स्नेहल : समोरचा.

तानाबाई : समोरचाच घेतलाय. एकदा चुकलं की पक्कं ध्यानात ऱ्हातंय.

स्नेहल : फिरवा. डुलतेय?

तानाबाई : न्हाय. घाल.

स्नेहल : चिमटा फाकवा... बसलं. आई, बसलं. चिमटा आणि दात यांच्यात बोट जाईल एवढी जागा आहे.

तानाबाई : चेन चढव मोटारीची. ढिली ठेवू नगो लई. हां. मागं जरा ओढ चाक. आता नट.

विश्वजित : काय चाललंय हे?

तानाबाई : आलास? गाडीचा आवाज न्हाय आला.

विश्वजित : कोपऱ्यावर बंद केली, म्हशी बुजतात म्हणून. आई, ही सायकल मी माळ्यावर टाकली होती. कुणी काढली? आणि हे काय बसवलंय हिला?

स्नेहल : मोटार. मी मागवली. मागच्या चाकाला डावीकडं चक्री बसवलीय, तिच्यावर मोटारीची चेन. पायडल मारायचं नाही. बॅटरी पुढच्या जाळीत.

विश्वजित : तू मागवलीस?

स्नेहल : हो.

विश्वजित : आणि मला सांगितलं नाहीस. मी तिकडं म्हशींचा व्यवहार करून आलोय आणि तुम्ही दोघी इथं... आई, तू पडलीस त्या सायकलीवरनं. ट्रकखाली जाणार होतीस.

तानाबाई : गुडघा धरला म्हणून पडलो. हिच्यात गुडघ्याला कामच न्हाय.

विश्वजित : आणि ही चक्री निसटली म्हणजे? चेन चाकात अडकली, चाक जाम झालं म्हणजे? काय बसवलंय आणि कुणी बसवलंय? सरका. बघू दे मला.

स्नेहल : बघा की.

विश्वजित : पाना दे. हा बोल्ट बघ, अजून अर्धा फेरा घेतोय. हा पण. आणि चेनचं लॉक उलटं लावलंय. उघड्या तोंडाची बाजू चेन पळते तिकडं करायची नसते, निघून जाईल ते. पकड कुठाय?

तानाबाई : खिडकीत हाय. थांब, देतो.

विश्वजित : तू उठू नको, मी घेतो. स्नेहल, चाक फिरव. सावकाश. अजून. थांब.

स्नेहल : आउट आहे?

विश्वजित : नाही. कुणी काढला आउट?

स्नेहल : आईंनी.

विश्वजित : नीट काढलाय.

तानाबाई : मग सरळ उभी कर सायकल. चढावनं एकदा जाऊन येतो.

विश्वजित : आत्ता?

तानाबाई : म्हशी गेल्यावर जाऊन काय करू? एकदा वर जातो नि खाली येतो. न्हाय चढली तर टेंपोत म्हशी घाल आणि गाडीत मला घाल. एक शबुद बोलणार न्हाय.

विश्वजित : मी मागनं पळत येतो.

तानाबाई : मागनं पळायला तू काय ल्हान हाईस? हितंच ऱ्हा. ही मूठ पिळली की पळती न्हवं?

स्नेहल : हो, हळू पिळायची. ब्रेक दाबला की मोटार आपोआप बंद होते. आई, पदर खोचा. चेनच्या बाजूला जाऊ देऊ नका.

तानाबाई : पदर मला शिकवू नगो. सरका बाजूला.

स्नेहल : गेल्या.

विश्वजित : कोपऱ्यापर्यंत नीट गेली. आता चढ. इथून दिसत नाही.

स्नेहल : बस ना जरा. हात बघ तुझा, पाना अजून धरून ठेवलायस.

विश्वजित : तू मला सांगायला पाहिजे होतंस.

स्नेहल : सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. तुला नाहीच म्हणावं लागलं असतं.

विश्वजित : तो फोन तुझ्या कानाला नव्हता ग लागलेला. आईचा नंबर, आणि बोलतोय कुणी परका माणूस. म्हणतो, पावणं, ही तुमची आई का? पुढं काही बोलेचना. मागं नुसते हॉर्न. तेवढ्यात मी सगळं करून बसलो होतो मनात, तिचं सगळं. आणि मग तिचाच आवाज आला, अरं दूध सांडलं.

स्नेहल : मला माहितीये. रात्री झोपेत दचकायचास.

विश्वजित : खरं सांगू? मघाशी ज्ञानूच्या दारात बसलो होतो. तो म्हणाला, थांबा, टायरात हवा कमी दिसतेय. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं पंक्चर असावी. आज नको, उद्या बघू, असं काहीतरी व्हावं. पण हवा बरोबर होती.

स्नेहल : मग बोलला का नाहीस?

विश्वजित : कुणाला? तुला सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, हा स्वतःच्या आईला आणायला कंटाळतोय. आईला सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, सुनेनं शिकवलं. आणि मलाच नक्की कळत नव्हतं की मी तिला नेतोय ते तिच्यासाठी, का मला परत तसला फोन येऊ नये म्हणून.

स्नेहल : दुसरंच.

विश्वजित : हो. दुसरंच असावं. एवढा वेळ का लागतोय?

स्नेहल : आत्ता तर गेल्यात.

विश्वजित : चढ केवढा आहे तो. वर जाऊन खाली यायला एवढा वेळ लागत नाही. मी बघून येतो.

स्नेहल : थांब रे. जाऊ नकोस.

विश्वजित : काहीतरी झालंय. चेन पडली असेल.

स्नेहल : चेन पडली तरी त्या सायकल ढकलत येतील. विश्वजित, बस. तू पळत गेलास आणि त्या नीट येत असल्या, तर काय वाटेल त्यांना?

विश्वजित : ऐकू येतंय का तुला काही?

स्नेहल : मोटारीचा आवाज आहे. बारीक घुर्र येतंय.

विश्वजित : आली. ती बघ. दोन्ही पाय स्थिर ठेवलेत पायडलवर. बसलीय कशी बघ.

तानाबाई : सरका, सरका. ब्रेक नवा हाय मला. हां. थांबली.

विश्वजित : एवढा उशीर? जीव राहिला नव्हता माझा.

तानाबाई : ज्ञानू भेटला वर. टेंपो खाली वळवालता.

विश्वजित : मग कुठाय टेंपो?

तानाबाई : माघारी लावला.

विश्वजित : माघारी लावला म्हणजे?

तानाबाई : म्हणलं ज्ञानू, म्हशी न्हाय द्यायच्या आता. त्यो म्हणला, विश्वजितनं शबुद दिलाय. म्हणलं, त्येनं दिला असंल, म्हशी माझ्या हाईत. मग त्यो सायकलीकडं बघत ऱ्हायला. खाली वाकून चक्री बघितली, मोटार बघितली. म्हणला, ताई, ही कुणी बसवली? म्हणलं सुनंनं. म्हणला, माझ्या बायकोला बी एक बघा, ती रानात चालत जाती. आणि गेला.

विश्वजित : रागावला नाही?

तानाबाई : रागावला थोडा. चहाला ये म्हणलंय एकदा. यील.

स्नेहल : मग? आता काय म्हणणं आहे तुमचं?

विश्वजित : मी काय म्हणणार? टेंपो गेला.

तानाबाई : तसं न्हवं. तू काय म्हणतोस ते सांग. मनापासनं. तुला नको वाटत असंल तर अजून फोन कर त्येला, लांब गेला नसंल.

विश्वजित : नको.

तानाबाई : बघ.

विश्वजित : नको म्हटलं की. राहू देत म्हशी. फक्त पावसात ही बाहेर काढायची नाही. पाऊस असला की शाहूपुरीतल्या गिऱ्हाइकांना फोन करायचा, तुमचं तुम्ही येऊन न्या म्हणून. आणि पोचलीस की मला एक फोन. रोज.

तानाबाई : रोज कशाला?

विश्वजित : रोज.

तानाबाई : करीन. तू हापिसात असलास तर?

विश्वजित : असलो तरी उचलीन.

स्नेहल : बॅटरी रात्री लावून ठेवायची चार्जिंगला, आणि आठ-दहा दिवसांनी सगळे बोल्ट एकदा बघायचे. रबर बसलं की ढिले पडतात.

विश्वजित : ते मी येऊन बघत जाईन.

तानाबाई : तू बघशील? दर खेपंला?

विश्वजित : येत जाईन ग. नाहीतर एकटीला कसं जमणार? दोन्ही बाजूनं धरायला लागतं.

तानाबाई : शेजारची मोना हाय की. पर ये. येत जा.

स्नेहल : मी पातेली परत मांडणीवर लावते. तुम्ही बसा आई, पाणी देते. दमला असाल.

तानाबाई : न्हाय दमलो. तेच सांगतो. ज्ञानू गेल्यावर मी वर थोडी उभी ऱ्हायलो, म्हणून उशीर झाला.

विश्वजित : कशाला?

तानाबाई : इतकी वर्सं चढ संपला की तिथं लिंबाखाली सायकल टेकून थांबायचो, धाप बसंपतर. आजबी थांबलो. आणि थांबल्यावर कळलं, धापच लागली न्हाय. मग काय करावं कळंना. झाडाखाली वारं बरं हुतं, म्हणून थांबलो जरा.